खूण एकाची, घाव दुसऱ्याचा

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलियन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण वाढू लागले आणि बातम्यांत ‘नांदेड’ हे नाव वारंवार येऊ लागलं. हे नांदेड गोदाकाठचं नव्हे, सिंहगड रस्त्याजवळचं मुठेकाठचं. तरी लातूर-नांदेडच्या घराघरांतली मुलं पुण्यात शिकतात, नोकरी करतात. धास्ती इथे लातूर-नांदेडातही होतीच.

संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. बऱ्याच जणांना आधी जुलाब झाले, ते थांबले आणि मग काही दिवसांनी पायांतली ताकद गेली. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. विहिरीच्या पाण्यावर संशय घेतला गेला.

पण पाय लुळे करतो तो हा जिवाणू नव्हे. त्याच्या काही वाणांच्या आवरणावर साखरेची जी रचना असते, तिच्याशी हुबेहूब जुळणारी रचना आपल्या मज्जातंतूंवरही असते. जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं मग मज्जातंतूंनाही चिकटतात. असं क्वचितच घडतं, या संसर्गाच्या साधारण हजार रुग्णांत एखाद्याला.

प्रतिपिंड स्वतः पेशी फोडत नाही. जंगलात तोडायच्या झाडावर आधी खुणेचा ठोका पडतो, कुऱ्हाडी मागून येतात. इथली कुऱ्हाड म्हणजे ‘कॉम्प्लिमेंट’, रक्तात सदैव फिरणारा प्रथिनांचा ताफा. बेल्जियमच्या ज्यूल बोर्डे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं काम दाखवून दिलं. १९१९ चं नोबेल त्यांना मिळालं. शेजारी-शेजारी बसलेल्या प्रतिपिंडांना सी-१ हे प्रथिन पकडतं. त्याच्यामुळे पुढची प्रथिनं एकामागून एक तुटत, जागी होत जातात. शेवटी सी-९ चे रेणू कडं करून पेशीच्या पडद्यात रुततात आणि आरपार भोक पडतं, रुंदी जेमतेम दहा नॅनोमीटर. आपल्या पेशींवर हे कडं अडवणारं सीडी-५९ नावाचं प्रथिन असतं. खुणा दाटीने पडल्या की तो पहारा तोकडा पडतो. भोकातून कॅल्शियम आत घुसतं, संदेश पुढे ढकलणाऱ्या सोडियमच्या वाटा विस्कटतात आणि मेंदूचा हुकूम स्नायूपर्यंत पोचत नाही. श्वासाचे स्नायू थकले तर व्हेंटिलेटर लागतो.

तोवर जिवाणू बहुधा निघून गेलेला असतो, म्हणून अँटिबायोटिकने हा लकवा हटत नाही. प्लाझ्मा बदलून प्रतिपिंडं काढून टाकतात, किंवा हजारो दात्यांच्या रक्तातून बनवलेलं महागडं इम्युनोग्लोब्युलिन देतात. दोन्ही उपाय पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त उपयोगी पडतात. त्यामुळे जुलाबानंतर दोन्ही पायांना मुंग्या आल्या, अशक्तपणा वर चढू लागला, तर ‘थकवा असेल’ म्हणून घरी थांबू नये. नांदेड किंवा लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठावं.

बरं व्हायला लागणारा वेळ मात्र घाव किती खोल गेला त्यावर ठरतो. नुसता संदेश अडला असेल तर माणूस काही आठवड्यांत चालू लागतो. तंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतो, आणि कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर त्याला तसंच कापावं लागतं.