विश्लेषण : हॉट रॉडच्या नाकावर जाळी कोणाची? १९३२ च्या फोर्डला पर्याय शोधणे अवघड का?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पोमोना येथे दरवर्षी भरणाऱ्या ‘ग्रँड नॅशनल रोडस्टर शो’मध्ये जुन्या, नव्याने घडवलेल्या गाड्यांची रांग लागते. रंग वेगळे, इंजिने वेगळी, सांगाडेही वेगवेगळ्या सालांचे. पण समोरून पाहिले, तर त्यातल्या कितीतरी गाड्यांचा चेहरा एकच, १९३२ च्या फोर्डचा. आपली गाडी या गर्दीत उठून दिसावी म्हणून काही जण दुसरीच जाळी बसवतात. ही निवड वाटते तितकी वरवरची नसते.

हॉट रॉड आणि ग्रिल शेल म्हणजे काय?

जुनी, स्वस्तातली गाडी घ्यायची, मडगार्डसारखे जड भाग उतरवायचे, जास्त ताकदीचे इंजिन बसवायचे आणि ती पळवायची, हा हॉट रॉडचा मूळ उद्योग. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून दक्षिण कॅलिफोर्नियातील म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट तळांवर या शर्यती होत. त्या काळात रेडिएटर बॉनेटच्या पुढे उभा असे. त्याच्याभोवतीचे पत्र्याचे कवच म्हणजे ग्रिल शेल. मडगार्ड काढल्यावर गाडीच्या पुढच्या बाजूला दिसण्यासारखे फारसे काही उरत नाही, म्हणून सगळी ओळख या कवचावर येते.

मग १९३२ चीच जाळी का?

फोर्डच्या ‘मॉडेल ए’चा रेडिएटर उघडा दिसे, त्याच्याभोवती चकचकीत धातूची चौकट असे. १९३२ मध्ये एडसेल फोर्ड यांच्या देखरेखीखाली घडलेल्या नव्या गाडीत उभ्या पट्ट्यांची जाळी आली, रेडिएटर तिच्यामागे लपला. कडा हलक्या गोलाईच्या, नजर कुठेच अडत नाही. त्याच वर्षी फोर्डने ६५ अश्वशक्तीचे व्ही-८ इंजिनही बाजारात आणले. पुढे तरुणांनी हे इंजिन ‘मॉडेल ए’त घातले, तेव्हा १९३२ ची जाळी आणि रेडिएटर ही सोयीची जोडी ठरली. भंगारात फोर्डचे सुटे भाग मुबलक होते. सोयीतून सवय लागली आणि सवयीची परंपरा झाली. वरचे रेडिएटरच्या झाकणाचे भोक बुजवून कवच गुळगुळीत करण्याची पद्धतही याच परंपरेतली.

गंमत म्हणजे, हा शो १९५० मध्ये ओकलंड येथे सुरू झाला, तेव्हा ‘अमेरिकाज मोस्ट ब्यूटिफुल रोडस्टर’ हा पहिला पुरस्कार पटकावणाऱ्या बिल नीकॅम्प यांच्या १९२९ च्या फोर्डवर १९३२ ची जाळी नव्हतीच. शर्यतीच्या गाड्यांसारखे निमुळते नाक तिच्यासाठी हाताने ठोकून घडवले होते. खालचा सांगाडा तर एसेक्स या भलत्याच कंपनीचा होता. आज परंपरेच्या नावाने एकच चेहरा मिरवणाऱ्यांनी ही गाडी जरूर पाहावी. ती लॉस एंजेलिसच्या पीटरसन संग्रहालयाच्या संग्रहात गेली आहे.

वेगळी जाळी बसवताना घोडे कुठे अडते?

पहिली अडचण प्रमाणाची. बॉनेट एका बाजूला काचेखालच्या पत्र्याला टेकते, दुसऱ्या बाजूला ग्रिल शेलला. ही रेषा पुढे किंचित उतरती असली की गाडी झेपावल्यासारखी दिसते. पॅकार्डसारख्या मोठ्या गाडीचे रुबाबदार, खांदे काढलेले कवच लहानशा ‘मॉडेल टी’वर चढवले, तर नाकापेक्षा मोती जड होतो. उलट फारच अरुंद जाळी घेतली, तर बॉनेट एकदम चिंचोळे करावे लागते आणि इंजिन त्यात मावत नाही. म्हणून जाणकार आधी पुठ्ठ्याचा नमुना कापतात, तो जागेवर उभा करतात आणि लांब जाऊन पाहतात. पत्र्याला कात्री त्यानंतर.

दुसरी अडचण उष्णतेची, आणि ती जास्त महाग पडते. फोर्डच्या जुन्या फ्लॅटहेड व्ही-८ मध्ये एक्झॉस्टचा मार्ग इंजिनच्या ब्लॉकमधूनच, पाणी खेळते त्या पोकळीला लागून जातो. त्यामुळे जळालेल्या वायूंची उष्णता पाण्यात उतरते आणि रेडिएटरवरचा भार वाढतो. अशा गाडीला छोट्या तोंडाची जाळी लावली, की हवा कमी मिळते. रेडिएटर जाड करून ही तूट थोडीच भरून निघते, कारण मागच्या नळ्यांपर्यंत पोहोचणारी हवा पुढच्या नळ्यांनी आधीच तापवलेली असते. जाळी आणि रेडिएटर यांच्यातल्या फटी बुजवल्या नाहीत, तर हवा सोपी वाट धरून बाजूने निसटते. वेगात धावताना हे खपून जाते. मिरवणुकीच्या संथ रांगेत मात्र पाणी उकळते. कवच दोन इंच कापून बुटके केले, की रेडिएटरही तितकाच बुटका करावा लागतो, हे अनेकांना नंतर आठवते.

पर्याय कोणते आणि वाद कशाचा?

१९३० च्या दशकाच्या मध्यातील फोर्ड ट्रकची जाळी हा त्यातल्या त्यात सोपा पर्याय, घराणे एकच. प्लिमथ, क्रायसलर, एसेक्स यांची कवचेही वापरली जातात. पण वाद इथेच सुरू होतो. १९३२ च्या फोर्डचे कवच आज नव्या पत्र्यात किंवा फायबरग्लासमध्ये तयार मिळते. त्यासाठी जुनी गाडी मोडावी लागत नाही. बंद पडलेल्या कंपन्यांचे तसे नाही. तिथले धड कवच म्हणजे बहुधा अस्सल जुना भाग. तो कापून हॉट रॉडवर चढला, की ती मूळ गाडी पुन्हा उभी करू पाहणाऱ्याच्या हातून तो कायमचा गेला. म्हणून कवच निवडताना चेपलेले, गंजलेले घेऊन दुरुस्त करावे आणि शाबूत भाग मूळ गाडीसाठी सोडावा, ही भूमिका अधिक रास्त वाटते. डेंटिंगची मेहनत वाढते, पण वेगळेपण तरीही मिळतेच.

भारतात असे करता येईल का?

नोंदणीच्या कचाट्यात सापडण्याची शक्यता मोठी. केंद्राच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. इंजिन बदललेली हॉट रॉड या चौकटीत बसत नाही, मग नाकावर जाळी कोणाचीही असो.