पंचांग बघून खाडी ओलांडा

समुद्र पाहायचा तर अमरावती-अकोल्याच्या माणसाला अख्खा महाराष्ट्र आडवा कापावा लागतो. 5 जून 2025 रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि समृद्धी महामार्गाने ते काम बरंच सोपं केलं. अमरावतीकर कारंजा लाडला, अकोलेकर शेलूबाजारला वर चढतात आणि थेट भिवंडीजवळ आमणेला उतरतात. पण अलिबागच्या पुढे किनाऱ्याने गणपतीपुळे गाठायचं असेल, तर समृद्धीचा हिशेब तिथे विसरायचा. तासाला तीस किलोमीटर झाले तरी खूप.

कारण खाड्या. सह्याद्री समुद्राच्या इतका जवळ आहे की नद्या आखूड, आणि त्यांच्या मुखाशी भरतीचं पाणी मैलोन् मैल आत शिरतं. मुरूडच्या पुढे राजपुरीची खाडी, हरिहरेश्वरच्या पुढे सावित्रीची बाणकोट, दापोलीखाली वाशिष्ठीची दाभोळ, गुहागरनंतर शास्त्रीची जयगड. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या चार फेऱ्यांनी गाडीसकट पलीकडे जाता येतं. दाभोळची फेरीबोट 2003 साली सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या धोपाव्याला गाडी न्यायची तर चिपळूणचा वळसा होता.

बोट सपाट बुडाची असते. ती धक्क्याच्या उतारावर तोंड टेकवते, लोखंडी फळी खाली पडते आणि गाड्या आत जातात. काही बोटींवर गाडी रिव्हर्समध्येच घ्यावी लागते. आपला चालक तिथे घामाघूम होतो. खलाशी मात्र नुसत्या हाताच्या खुणेने दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा ठेवून लावून घेतो. "हे फळी उघडली तं पानी आत नाई येत काय वो?" असं एखादी वऱ्हाडी काकू विचारतेच. नाही येत, गाड्यांचा तळ पाण्याच्या पातळीच्या वर असतो.

खरी मेख भरती-ओहोटीत आहे, आणि तिचं गणित घरच्या कॅलेंडरवर मिळतं. पक्षातली तिथी घ्या, तिला पाऊणने गुणा. उत्तर येईल ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि मधोमध ओहोटी. अमावास्येच्या उधाणात पाणी जितकं चढतं तितकंच खालीही जातं. मग धक्क्याचा शेवाळलेला, ओला उतार उघडा पडतो आणि सामानाने लादलेल्या गाडीचं बूड घासतं. लक्ष्मीपूजन अमावास्येचं, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळची बोट नेमकी ओहोटीची. त्या दिवसांत खाडी दुपारी ओलांडावी.

या खाड्यांवर पूल बांधून रेवस ते रेडी सलग सागरी रस्ता करायचा, हे 1980 साली मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अंतुल्यांचं स्वप्न. ते अजून पुरं व्हायचं आहे. इकडे आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबरीकरण झालं आणि गिनीज विक्रम नोंदला गेला. (75 ही एका पदराची लांबी, दुपदरी धरली तर साडेसदतीस.) तुलना अन्यायाची आहे, मान्य. काळ्या मातीवरच्या सपाट रस्त्यावर डांबर पसरणं वेगळं आणि वाहत्या खाडीत खांब रोवणं वेगळं. तरी चाळीस वर्षं फारच झाली.

पर्यटक म्हणून आपल्याला बोटीची मजा वाटते. रात्री बाळंतिणीला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं असेल, त्या घराला वाटत नाही. पूल व्हायलाच हवेत. तोवर जाणार असाल, तर रोज दोनपेक्षा जास्त खाड्या धरू नका, आणि शेवटची बोट किती वाजता सुटते ते निघण्याआधी फोन करून विचारा. दाभोळला ती चुकली, तर गुहागरच्या मुक्कामासाठी अंधारात खेड-चिपळूणमार्गे वळणं घेत जावं लागेल.