खेळापूर्वी ताण : कोणता आणि किती?

कोल्हापुरात फुटबॉल हा पेठापेठांचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही संघांची नावेच कुस्तीच्या तालमींशी असलेले त्याचे नाते सांगतात. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच. शाहू स्टेडियमवरचा सामना पाहून आलेली मुले शाळेच्या मैदानावरही तितक्याच ईर्ष्येने उतरतात. म्हणून खेळापूर्वी त्यांच्याकडून काय करून घ्यावे, हा प्रश्न शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

मैदानावर साधारणपणे तीन पद्धती दिसतात. पहिलीत मुले मैदानाला दोन-तीन फेऱ्या मारतात. दुसरीत बसून वा उभ्याने वाकून पायाचे अंगठे धरतात आणि तसेच थांबतात. याला आपण ‘स्थिर ताण’ म्हणू. तिसरीत गुडघे उंच उचलणे, टाचा मागे मारणे, पाय पुढे-मागे झुलवणे असे प्रकार चालता-धावता करतात. हा ‘गतिशील ताण’. या तिन्हींना आपण सरसकट ‘वॉर्मअप’ म्हणतो. शरीरात मात्र प्रत्येकाने वेगळे काही घडते.

प्रथम उष्णतेचा विचार करू. अन्नातून मिळालेल्या रासायनिक ऊर्जेपैकी सुमारे २० ते २५ टक्के ऊर्जाच स्नायू हालचालीसाठी वापरू शकतो. उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणजे वाया जाणाऱ्या ऊर्जेनेच अंग गरम होते! हळूहळू धावू लागल्यावर मांडीच्या स्नायूचे तापमान पहिल्या तीन ते पाच मिनिटांत झपाट्याने वाढते आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावते. उबदार स्नायूत रासायनिक क्रिया जलद होतात, मज्जातंतूंतून संदेश वेगाने जातात आणि रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक सहज सोडते. स्नायूचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले, तर वेगाने धावणे, उडी मारणे अशा जोरकस हालचालींत साधारण २ ते ५ टक्के सुधारणा होते.

मग एप्रिलच्या दुपारी हवाच तापलेली असताना वॉर्मअप कशाला? हवेने मुख्यतः कातडी तापते. खोलवरच्या स्नायूला ऊब मिळते ती त्याच्या स्वतःच्या कामातून. मात्र अशा दिवशी वॉर्मअप सावलीत आणि थोडक्यात आटोपावा. नाहीतर सामन्याआधीच शरीर तापून थकवा लवकर येतो.

आता लवचीकतेकडे वळू. स्थिर ताणाने सांध्याची हालचाल वाढते, यात शंका नाही. स्नायू आणि कंडरा यांचा ताठरपणा थोडा वेळ कमी होतो, तसेच ताण सहन करण्याची आपली तयारीही वाढते. पण याची किंमत मोजावी लागते. ताणून धरलेल्या स्नायूला मेंदू व मज्जारज्जूकडून मिळणारी चेतना काही काळ मंदावते. शिवाय सैल झालेल्या स्प्रिंगची उसळी कमी व्हावी, तसेच काहीसे येथेही होते.

ही किंमत किती? कॅनडातील डेव्हिड बेम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. एका स्नायूला एकूण ६० सेकंद किंवा त्याहून अधिक स्थिर ताण दिल्यास लगेचच्या कामगिरीत सरासरी ४.६ टक्के घट होते. ६० सेकंदांपेक्षा कमी दिल्यास १.१ टक्के. गतिशील ताणाने मात्र सरासरी १.३ टक्के वाढ होते. ४० सेंटिमीटर उडी मारणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत ४.६ टक्के म्हणजे दोन सेंटिमीटरांहून थोडे कमी. हेडर चुकायला एवढे अंतर पुरते.

दुखापतींचे काय? ‘११+’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप फुटबॉलपटूंसाठी तयार करण्यात आला आहे. त्यात धावणे, पायांचे व धडाचे बळ, तोल आणि उडीनंतर नीट उतरणे यांवर भर आहे. ताणून थांबण्याचे व्यायाम नाहीत. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा वॉर्मअप करणाऱ्या मुलींमध्ये दुखापतीचा एकूण धोका सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळला.

हे सारे वाचून मान्य करण्यापेक्षा शाळेतच तपासून पाहावे, असे आम्ही सुचवू. लवचीकता मोजण्यासाठी पाय सरळ करून बसावे, पुढे वाकावे आणि बोटे पट्टीवर कुठवर पोहोचतात ते पाहावे. उडी मोजण्यासाठी बोटाला खडू लावून भिंतीवर खुणा कराव्यात : एक उभ्याने हात वर करून, दुसरी उडी मारून. त्यांतील अंतर म्हणजे उडी. तीन वेगवेगळ्या दिवशी, एकाच वेळी, पाच मिनिटे धावल्यानंतर तीच मुले एक दिवस नुसती चालतील, एक दिवस स्थिर ताण देतील, एक दिवस गतिशील. काहींनी क्रम बदलून करावे, म्हणजे सवयीचा परिणाम एकाच पद्धतीच्या पारड्यात पडणार नाही. मोजणाऱ्याला त्या दिवशीची पद्धत माहीत नसावी. फरक एक-दोन सेंटिमीटरचा आहे आणि खडूच्या खुणेतील चूकही तेवढी असू शकते. म्हणून प्रत्येकाच्या तीन उड्यांची सरासरी घ्यावी.

स्थिर ताण टाकून द्यावा, असा याचा अर्थ नाही. कायमची लवचीकता हवी असेल, तर तो नियमित द्यावा, पण सरावानंतर किंवा वेगळ्या वेळी. सामन्यापूर्वी आधी धावणे, मग गतिशील ताण, शेवटी चेंडू घेऊन दोन-चार वेगवान धावा, असा क्रम ठेवावा. स्थिर ताण द्यायचाच असेल, तर तो थोडक्यात आणि गतिशील हालचालींच्या आधी. लवचीकता आणि जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिट्टी वाजते तेव्हा स्नायूला अधिक गरज जोराची असते.