सातशे घोडे आणि एक गिऱ्हाईक

जबलपूरहून नैनपूरमार्गे मध्य प्रदेशातल्या बालाघाटला येणारी छोटी लाईन २०१५ च्या सुमारास बंद झाली. दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर, पुढे झेडडीएम जातीचं डिझेल इंजिन, त्याची ताकद ७०० अश्वशक्ती. तेवढ्यावर डबे, डब्यांतली माणसं आणि त्यांचं सामानसुमान सातपुड्याचे चढउतार पार करून बालाघाटला पोचत असे. आता तेच सातशे घोडे पावणेदोन टन वजनाच्या, दोन दारांच्या, टप उघडणाऱ्या एका मोटारीत भरा. चालवणारा एक, शेजारी एक. मागे सीट आहे, पण तिथे बसणाऱ्याने पाय कुठे ठेवायचे याचा विचार अमेरिकेत कुणी फारसा केलेला दिसत नाही.

अशी गाडी बालाघाटात विकायला काढली तर काय होईल? गाडी आणि मालक दोघेही कल्पनेतले. आकडे मात्र खरे आहेत.

गाडी फोर्ड मस्टँग धरू. दुसरी धरता येतच नाही म्हणा ना. डॉज चॅलेंजरचं ७०७ अश्वशक्तीचं ‘हेलकॅट’ मॉडेल आलं आणि जगभरच्या पोरांची झोप उडाली, पण चॅलेंजरचं स्टिअरिंग कारखान्यातून कायम डावीकडेच आलं आणि भारतात आयात होणाऱ्या मोटारीचं ते उजवीकडे असावं लागतं. मस्टँगला उजवं स्टिअरिंग मिळालं ते जन्मानंतर पन्नास वर्षांनी, २०१५ मध्ये. पुढच्याच वर्षी फोर्डने ती भारतात आणली. आठ सिलिंडर, ४,९५१ सीसी, ३९५ अश्वशक्ती, किंमत ६५ लाख. आली तीही पक्क्या छताची. उघड्या टपाची हवी असेल त्याने ती परदेशातून मागवायची. जुनी मागवली तर तीन वर्षांच्या आतली हवी आणि उतरवायची मुंबई बंदरातच.

३९५ चे ७०० करायला इंजिन मोठं करावं लागत नाही. वर सुपरचार्जर बसवायचा, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरणारा हवेचा पंप. अमेरिकेत त्याचा संच आठ-दहा हजार डॉलरला मिळतो. सीसी तेवढीच राहते, फक्त त्याच जागेत हवा दाबून कोंबली जाते आणि हवेच्या हिशेबाने पेट्रोल. सात हजार फेऱ्यांवर हे इंजिन मिनिटाला साधारण २९ हजार लिटर हवा ओढतं. दहा बाय दहाची खोली, उंचीही दहा फूट, तिच्यात २८ हजार लिटर हवा मावते. म्हणजे दर मिनिटाला एक खोली रिकामी. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो, त्या हिशेबाने ही एकटी गाडी चार हजार माणसांच्या वाट्याचा श्वास घेते.

त्याच वेळी आत सेकंदाला ४६७ स्फोट होत असतात. प्रत्येक पिस्टन ९३ मिलिमीटर वर जातो, थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. असं थांबणं सेकंदाला २३३ वेळा. वरच्या टोकाला दिशा बदलताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३,३०० पट ताण येतो. अर्धा किलोचा पिस्टन त्या क्षणी सोळाशे किलोंच्या जोराने दांडा ओढतो. जवळजवळ अख्ख्या गाडीचं वजन, तेही आठ ठिकाणी. दांडा तुटला तर इंजिन संपलं, आणि कंपनीने ते घडवलं होतं ३९५ घोड्यांसाठी. म्हणून जाणकार गिऱ्हाईक बॉनेट उघडल्यावर चकचकीत सुपरचार्जरकडे पाहत नाही. तो विचारतो, आतले दांडे आणि पिस्टन बदललेत का, बदलले असतील तर पावती दाखवा.

पेट्रोलचं काय? पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून धरला तर मिनिटाला चार लिटरच्या वर. शंभर रुपये लिटर धरा, म्हणजे मिनिटाला चारशेच्या पुढे, आणि बालाघाटात पेट्रोल शंभरात मिळत नाही. साठ लिटरची टाकी चौदा मिनिटांत कोरडी. ताशी २५० च्या वेगाने तेवढ्या वेळात जेमतेम ५८ किलोमीटर होतात. रस्ता रिकामा मिळाला, पोलीस झोपलेले असले आणि गुरं घरी असली तर गोंदिया गाठता येईल. त्याच टाकीवर परत येता येणार नाही.

जळलेल्या पेट्रोलचा पाऊण भाग उष्णता होऊन वाया जातो, सुमारे १,४०० किलोवॉट. घरगुती मीटरचा मंजूर भार दोन किलोवॉट धरला तर सातशे घरांची वीज नुसती बॉनेटच्या फटींतून आणि सायलेन्सरमधून बाहेर. आवाजाचाही असाच हिशेब. मोटारीच्या आवाजाची आपल्याकडची मर्यादा ७४ डेसिबल आहे. मोकळा सायलेन्सर शंभराला पोचला तर आकडा वाचणाऱ्याला २६ चा फरक लहान वाटेल, पण दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते. २६ म्हणजे चारशे पट.

बालाघाटच्या माणसाला मात्र या गाडीत स्वतःच्या ओळखीचं काहीतरी दिसायला हवं. जिल्ह्यातल्या भरवेलीच्या खाणीतून मँगनीज निघतं, त्याच्याशिवाय चांगलं पोलाद होत नाही, आणि जिल्ह्यातलीच मलाजखंडची खाण म्हणजे देशातला तांब्याचा सगळ्यात मोठा साठा. पेट्रोलच्या साध्या मोटारीत वीस-बावीस किलो तांबं असतं, बहुतेक वायरिंगमध्ये. मलाजखंडच्या दगडात तांबं साधारण एक टक्का. एका गाडीपुरतं तांबं काढायचं तर दोन टन दगड फोडावा लागतो, म्हणजे गाडीच्या वजनाहून जास्त. गाडी कुठल्याही देशात बनो, जमीन कुठेतरी एवढी खणली जातेच.

आता पैसा. २०१६-१७ मध्ये साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला १,४७० रुपये होता. ६५ लाखांना भागा: ४,४२२ क्विंटल. एकरी वीस क्विंटल पिकलं असं धरलं तर २२१ एकरांचं एका हंगामाचं धान. पेरणी, खत, मजुरी यांतलं काहीही न कापता. वारासिवनी-लांजीकडे एवढी जमीन एका घरात कुणाकडे आहे हे बोटांवर मोजता येईल, आणि ज्याच्याकडे असेल तो आधी हार्वेस्टर घेईल.

गाडी इतकी महाग का, तर निम्म्याहून जास्त किंमत गाडीची नसतेच. चाळीस हजार डॉलरच्या वरच्या नव्या आयात मोटारीला सीमाशुल्क ११० टक्के. त्यावर सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींना ४० टक्के जीएसटी. शंभर रुपयांचे आधी २१० होतात, मग २९४. नंबर प्लेट लागायची असते अजून. गाडी महाराष्ट्रात नोंदवली तर परदेशी मोटारीला वर २० टक्के वाहनकर. मस्टँगच्या जन्मभूमीत तिची ओळख ‘कारकुनालाही परवडणारी देखणी गाडी’ अशी होती, हे इथे कुणाला पटणार नाही.

ती परवडायची म्हणूनच खपली. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग लोकांपुढे आली. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्या दिवशी २२ हजार गाड्यांची मागणी नोंदली गेली. त्या काळात सगळ्या भारतात वर्षभरात बनणाऱ्या मोटारी वीस-पंचवीस हजारांच्या घरात होत्या. ॲम्बॅसॅडर, फियाट, स्टँडर्ड सगळ्या मिळून. आपलं एक वर्ष त्यांनी एका दिवसात विकलं. पहिल्या बारा महिन्यांचा आकडा ४,१८,८१२. त्यातली अनुक्रमांक एकची गाडी तर फोर्डला विकायचीच नव्हती. ती उघड्या टपाची पांढरी गाडी नुसती दाखवायला म्हणून कॅनडात न्यूफाउंडलंडला पाठवली होती. तिथल्या विक्रेत्याने ती स्टॅन्ली टकर नावाच्या वैमानिकाला विकून टाकली, तीही अधिकृत तारखेच्या आधी. फोर्डने परत मागितली, टकरने दोन वर्षं दाद दिली नाही. शेवटी १९६६ मध्ये दहा लाखावी मस्टँग त्याला देऊन कंपनीने पहिली सोडवून घेतली. आज ती हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. ८ ऑगस्ट २०१८ रोजी एक कोटीवी मस्टँग बाहेर पडली, तीही मुद्दाम उघड्या टपाची आणि पांढरी.

आपल्याकडेही अमेरिकन गाड्यांचा कारखानदारी इतिहास आहे, तो लोक विसरलेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि १९४७ पासून कुर्ल्यात क्रायस्लरच्या डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडायला सुरुवात केली. याच प्लिमथने १९७१ साली ‘हेमी कुडा’ नावाची उघड्या टपाची मसल कार बनवली. महाग होती, विम्याचे दरही भरमसाट. खपल्या फक्त ११. त्यातलीच एक २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली, तेव्हाच्या दराने २१ कोटी रुपये.

तिला हा भाव का आला, इथे आपल्या बालाघाटच्या मालकाने कान द्यावा. ती अकरांतली एक होती, आणि तिचं मोल तिच्या मूळपणात होतं. या बाजारात पहिला प्रश्न असतो तो इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो का हा. उलट मनासारखी बदललेली गाडी ही ज्याने बदलली त्याच्याच मनासारखी असते. दहा लाख घालून घेतलेला सुपरचार्जर गिऱ्हाइकाच्या लेखी दहा लाखांची जोखीम असते. घोडे जितके वाढवाल तितकी गिऱ्हाइकं कमी होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा तर याहून कडक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ सांगतं: प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड गाडीमागे नाही, बदलामागे आहे. सुपरचार्जर, सायलेन्सर, खाली बसवलेलं सस्पेन्शन, रुंद चाकं असे सात बदल मोजले तर ३५ हजार. सस्पेन्शन खाली बसवण्याची हौस तशीही इथे भागत नाही. नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाची उंची दहा सेंटिमीटर असते, आणि नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक आपल्या भागात शोधावा लागतो.

म्हणजे गाडीच्या दोन ओळखी झाल्या. आरसीवर ४,९५१ सीसीची सरळमार्गी मस्टँग, अंगणात ७०० घोड्यांची. अपघात झाला, तर विमा कंपनी कुठली गाडी मानेल हे सांगायला ज्योतिषी नको.

गिऱ्हाईक मिळालंच, तर ते एमपी-५० च्या, म्हणजे बालाघाट आरटीओच्या हद्दीत मिळणं अवघड. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ मध्ये १७ लाख, पण या गाडीचा माणूस नागपूर, पुणे, मुंबईचाच असणार. मग बालाघाट आरटीओची एनओसी, फॉर्म २८, २९, ३०, महाराष्ट्रात नवा कर, नवं पासिंग. दुसऱ्या राज्यात गेलेल्या गाडीसाठी विकणाऱ्याला कागद पुढे करायला ४५ दिवसांची मुदत आहे. आपल्याकडे इसार घेऊन, स्टॅम्प पेपरवर सही करून किल्ली देण्याची रीत आहे आणि गाडी नावावर व्हायला वर्षं लागतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक मोटार आली होती. मूळ मालकाने विकल्यावर ती एकामागून एक अनेक हात फिरली आणि मग अपघात झाला. भरपाई कुणी द्यायची? ज्याचं नाव आरटीओच्या नोंदीत होतं त्याने, असा निकाल लागला.

तेव्हा अशी गाडी कुणाकडे असेल आणि विकायची असेल, तर माझं सांगणं एवढंच. कंपनीचे काढून ठेवलेले भाग गोदामातून शोधा, गाडी पुन्हा मूळ रूपात आणा, सुपरचार्जर वेगळा विका. दोन्ही मिळून पैसे जास्त येतील. गिऱ्हाइकाला गाडी फिरवून दाखवायची असेल तर स्टिअरिंग स्वतःच्याच हातात ठेवा. आणि आरसीवर दुसऱ्याचं नाव छापून आल्याचं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दुसरी किल्ली देऊ नका.