जेरंड व इन्फिनिटिव्ह, इंग्रजीतील

इंग्रजी क्रियापदापासून साधलेली व वाक्यात नामाचे कार्य करू शकणारी दोन रूपे. धातूस ‘इंग’ हा प्रत्यय लागून होणाऱ्या रूपास, ते नामाप्रमाणे योजले असता, जेरंड किंवा धातुसाधित नाम म्हणतात, उदा., ‘रायटिंग’. धातूपूर्वी ‘टू’ हा शब्द येऊन होणाऱ्या रूपास इन्फिनिटिव्ह, हेत्वर्थक रूप किंवा संस्कृत व्याकरणाच्या परिभाषेत तुमंत म्हणतात, उदा., ‘टू राइट’. दोहोंचाही मराठी अर्थ ‘लिहिणे’ असाच दिला जातो. पुरुष व वचन यांनुसार ह्या रूपांत बदल होत नाही. दोन्ही रूपे वाक्यात कर्ता, कर्म वा पूरक म्हणून येऊ शकतात आणि मूळ क्रियापदाप्रमाणे स्वतःचे कर्मही घेऊ शकतात. तथापि ती सर्वत्र परस्परांऐवजी वापरता येत नाहीत. कोणत्या ठिकाणी कोणते रूप योजावे, हे मुख्यतः त्यांच्यापूर्वी येणाऱ्या क्रियापदावर अवलंबून असते व काही ठिकाणी रूप बदलल्याने वाक्याचा अर्थच पालटतो.

ऐतिहासिक विकास : ही दोन रूपे भिन्न मूळांपासून निघालेली आहेत. प्राचीन इंग्रजीत (सु. ११५० पर्यंत) ‘उंग’ किंवा ‘इंग’ हा प्रत्यय लागून क्रियावाचक नामे होत. ती सर्वस्वी नामेच होती. त्यांना विभक्ती लागत असे. मध्य इंग्रजीच्या काळात (सु. ११५०–१५००) वर्तमानकालवाचक धातुसाधित विशेषणाचा ‘एंडे’ हा जुना प्रत्यय मागे पडून त्याचेही रूप ‘इंग’ असे झाले. अशा रीतीने दोन रूपे एकाकार झाली. ह्याच काळात क्रियावाचक नाम हळूहळू क्रियापदाचे गुणधर्म धारण करू लागले. ‘द रीडिंग ऑफ द बुक’ ह्या नामप्रधान रचनेबरोबर ‘रीडिंग द बुक’ ही सरळ कर्म घेणारी रचना रूढ झाली. आधुनिक जेरंड तो हाच.

हेत्वर्थक रूपाचा इतिहास वेगळा आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा प्रत्यय ‘अन’ असा असे, उदा., ‘सिंगन’ म्हणजे ‘गाणे’. ह्याखेरीज त्याचे ‘टो सिंगन्ने’ असे चतुर्थीसदृश दुसरे रूपही होते. यातील ‘टो’ हे दिशा दाखविणारे शब्दयोगी अव्यय होय. म्हणजे ‘गाण्याकडे’, ‘गाण्याप्रत’ असा त्याचा मूळ भाव होता. पुढे प्रत्यय झिजून गेले व ‘टू’ हीच हेत्वर्थक रूपाची खूण ठरली. मराठीतील ‘गायला’, ‘करायला’ ह्या रूपांतही चतुर्थीचाच ‘ला’ हा प्रत्यय आहे. संस्कृतात ‘कर्तुम्’ सारखी तुमंत रूपे व ‘करणम्’ सारखी क्रियावाचक नामे अशी जोडी आढळते. एका क्रियेसाठी दुसरी क्रिया केली जात असता तुमुन् प्रत्यय योजावा, असे पाणिनीने सांगितले आहे. तात्पर्य, क्रियेचे नाव आणि क्रियेकडे असलेला रोख हा भेद केवळ इंग्रजीपुरता नाही.

अर्थभेदाचे तत्त्व : वरील उगमाचा ठसा आजच्या वापरावरही दिसतो. हेत्वर्थक रूप सामान्यतः अद्याप न घडलेल्या, इच्छिलेल्या किंवा संभाव्य क्रियेकडे निर्देश करते. जेरंड क्रियेस एक वस्तू किंवा घडलेली गोष्ट मानून तिचे नाव घेतो. ड्वाइट बोलिंजर (१९०७–९२) ह्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये हा भेद वस्तुभाव विरुद्ध संभाव्यता असा मांडला. पॉल व कॅरल किपार्स्की यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, जी विधेये आपल्या पूरकातील गोष्ट सत्य म्हणून गृहीत धरतात ती जेरंड स्वीकारतात, असे दाखविले. रँडॉल्फ क्वर्क (१९२०–२०१७) व त्याचे सहकारी यांच्या १९८५ च्या बृहद् व्याकरणातही हेत्वर्थक रूपाचा संबंध शक्यतेशी व ‘इंग’ रूपाचा प्रत्यक्ष आचरणाशी जोडलेला आहे.

तथापि ही प्रवृत्ती होय; नियम नव्हे. ‘पोस्टपोन’ म्हणजे पुढे ढकलणे, ‘सजेस्ट’ म्हणजे सुचविणे, ‘अव्हॉइड’ म्हणजे टाळणे ही क्रियापदे न घडलेल्या क्रियेविषयी असूनही जेरंड घेतात. उलट ‘ही मॅनेज्ड टू ओपन द डोअर’ ह्या वाक्यात दार प्रत्यक्ष उघडलेले असूनही हेत्वर्थक रूपच येते. म्हणून केवळ अर्थावरून रूप ठरविणे धोक्याचे असते व प्रत्येक क्रियापद त्याच्या रचनेसह लक्षात ठेवावे लागते.

क्रियापदांचे वर्ग : रूपाच्या निवडीच्या दृष्टीने इंग्रजी क्रियापदांचे चार वर्ग पडतात.

(१) केवळ हेत्वर्थक रूप घेणारी : ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’, ‘रिफ्यूज’, ‘अग्री’, ‘ऑफर’, ‘एक्स्पेक्ट’, ‘मॅनेज’ इत्यादी. इच्छा, निश्चय, वचन, नकार ह्या अर्थांची क्रियापदे यांत बहुसंख्य आहेत. उदा., ‘शी डिसाइडेड टू स्टे’ म्हणजे तिने राहण्याचे ठरविले.

(२) केवळ जेरंड घेणारी : ‘एन्जॉय’, ‘फिनिश’, ‘अव्हॉइड’, ‘डिनाय’, ‘सजेस्ट’, ‘पोस्टपोन’, ‘रिस्क’, ‘गिव्ह अप’ इत्यादी. उदा., ‘शी फिनिश्ड रीडिंग’ म्हणजे तिने वाचन संपविले. ‘कॅनॉट हेल्प’ हा ‘राहवत नाही’ ह्या अर्थाचा प्रयोगही बहुधा ह्याच वर्गात मोडतो.

(३) अर्थात विशेष फरक न पडता दोन्ही घेणारी : ‘बिगिन’, ‘स्टार्ट’, ‘कंटिन्यू’ इत्यादी. मात्र मुख्य क्रियापद स्वतःच ‘इंग’ रूपात असल्यास लागोपाठ दोन ‘इंग’ टाळण्यासाठी हेत्वर्थक रूप पसंत करतात. उदा., ‘इट इज बिगिनिंग टू रेन’. ‘लाइक’ ह्या क्रियापदाबाबत, विशेषतः ब्रिटिश इंग्रजीत, सूक्ष्म भेद केला जातो : ‘आय लाइक स्विमिंग’ म्हणजे पोहण्यात आनंद वाटतो, ‘आय लाइक टू पे माय बिल्स अर्ली’ म्हणजे देयके लवकर भागविणे इष्ट वाटते. ‘वुड लाइक’ ह्यापुढे मात्र सामान्यतः हेत्वर्थक रूपच येते.

(४) अर्थ बदलून दोन्ही घेणारी : ‘रिमेंबर’, ‘फर्गेट’, ‘रिग्रेट’, ‘स्टॉप’, ‘ट्राय’, ‘गो ऑन’, ‘मीन’ इत्यादी. हा वर्ग लहान आहे, पण चुकीची निवड येथेच सर्वांत महाग पडते. ‘ही स्टॉप्ड टू स्मोक’ म्हणजे तो धूम्रपान करायला थांबला. ‘ही स्टॉप्ड स्मोकिंग’ म्हणजे त्याने धूम्रपान सोडले. ‘आय रिमेंबर्ड टू लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावायचे मी विसरलो नाही. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे कुलूप लावल्याचे मला आठवते. ‘वुई रिग्रेट टू इन्फॉर्म यू’ म्हणजे कळविण्यास खेद वाटतो. ‘वुई रिग्रेट इन्फॉर्मिंग यू’ म्हणजे कळविल्याचा पश्चात्ताप होतो. पहिले वाक्य अर्ज नाकारणाऱ्या पत्राच्या आरंभी शोभते. दुसरे त्या ठिकाणी योजल्यास अनर्थ होतो. ‘ट्राय टू ओपन द विंडो’ यात खिडकी उघडण्याचा प्रयास आहे, तर ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ यात खिडकी उघडून काही उपयोग होतो का, हे पाहण्याची सूचना आहे.

शब्दयोगी अव्ययानंतरचे रूप : ‘ऑफ’, ‘इन’, ‘फॉर’, ‘विदाउट’ यांसारख्या शब्दयोगी अव्ययांनंतर जेरंडच येतो, उदा., ‘विदाउट आस्किंग’. ‘बट’ व ‘एक्सेप्ट’ हे याला ठळक अपवाद होत. खरी अडचण ‘टू’ मुळे उद्भवते, कारण तो कधी हेत्वर्थक रूपाची खूण तर कधी सामान्य शब्दयोगी अव्यय असतो. ‘लुक फॉरवर्ड टू’, ‘ऑब्जेक्ट टू’, ‘विथ अ व्ह्यू टू’ ह्या प्रयोगांत तो शब्दयोगी आहे. त्यामुळे ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू’ असे म्हणावे लागते. ओळखण्याची सोपी कसोटी अशी, की ‘टू’ नंतर साधे नाम ठेवून पाहावे. ‘लुक फॉरवर्ड टू द हॉलिडे’ हे शुद्ध आहे, म्हणून तेथे जेरंड. ‘वाँट टू द हॉलिडे’ हे अशुद्ध आहे, म्हणून तेथे हेत्वर्थक रूप. त्याचप्रमाणे ‘ही यूज्ड टू वॉक’ म्हणजे तो पूर्वी चालत असे. ‘ही इज यूज्ड टू वॉकिंग’ म्हणजे त्याला चालण्याची सवय आहे.

मराठी भाषकांची अडचण : मराठीतील ‘णे’ प्रत्ययान्त नाम इंग्रजीतील दोन्ही रूपांची जागा घेते. ‘जाण्याचे ठरविले’ व ‘जाण्याचे टाळले’ ह्या दोन वाक्यांत मराठी रूप एकच. इंग्रजीत मात्र पहिल्यात ‘टू गो’ व दुसऱ्यात ‘गोइंग’ आवश्यक ठरते. ‘जाण्याचे सुचविले’ याचे ‘सजेस्टेड टू गो’ असे भाषांतर अशाच साम्याच्या भ्रमातून होते. ह्या ठिकाणी मराठी रूपावरून कोणतेच मार्गदर्शन मिळत नाही.

तथापि मराठीत ह्या भेदाची जाण अजिबात नाही, असे समजणे चुकीचे ठरेल. ‘ण्याचे’ व ‘ल्याचे’ ह्या रूपांतून मराठी भाषक न घडलेली व घडलेली क्रिया काटेकोरपणे वेगळी करतो. ‘पैसे घेण्याचे नाकारले’ याचे इंग्रजी ‘रिफ्यूज्ड टू टेक द मनी’ असे होते. ‘पैसे घेतल्याचे नाकारले’ याचे ‘डिनाइड टेकिंग द मनी’ असे होते. ‘पैसे घेण्याचे कबूल केले’ म्हणजे ‘अग्रीड टू टेक’. ‘पैसे घेतल्याचे कबूल केले’ म्हणजे ‘अ‍ॅडमिटेड टेकिंग’. यातील पहिल्या जोडीत एक मनुष्य प्रलोभन झुगारतो, तर दुसरा आरोप फेटाळतो. साक्षीदाराच्या जबानीचे भाषांतर करणाऱ्यास ह्या दोहोंची गल्लत परवडणारी नाही. मराठीत एकाच क्रियापदाच्या पूरकाचे रूप बदलून जे साधते, ते इंग्रजीत बहुधा मुख्य क्रियापद व पूरकाचे रूप ही दोन्ही बदलून साधावे लागते. यावरून एक उपयुक्त सूत्र निघते : मराठीत ‘ल्याचे’ हे रूप येत असल्यास इंग्रजीत बहुधा जेरंड योजावा, ‘ण्याचे’ येत असल्यास मुख्य इंग्रजी क्रियापद कोणत्या वर्गातील आहे ते पाहावे. ‘जिंकल्याचा आनंद झाला’ याचे ‘ग्लॅड टू हॅव वन’ असे होते. तेथे पूर्णकालवाचक हेत्वर्थक रूप येते, हा त्या सूत्राचा अपवाद होय.

कर्त्याचा प्रश्न : जेरंडाचा कर्ता षष्ठीत असावा की नाही, याविषयी व्याकरणकारांत वाद झाला. ‘आय ऑब्जेक्ट टू हिज गोइंग’ ही षष्ठीयुक्त रचना व ‘आय ऑब्जेक्ट टू हिम गोइंग’ ही साधी रचना, अशा दोन्ही आढळतात. हेन्री वॉटसन फाउलर (१८५८–१९३३) ह्या इंग्रज कोशकाराने दुसऱ्या रचनेस कडाडून विरोध केला. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन (१८६०–१९४३) याने जुन्या लेखकांचे दाखले देऊन तिचे समर्थन केले. आज दोन्ही रचना मान्य असून षष्ठी औपचारिक लेखनात अधिक आढळते. काही क्रियापदांबाबत कर्ता उल्लेखिला जातो की नाही, यावरच रूप ठरते : ‘दे डू नॉट अलाउ स्मोकिंग’, पण ‘दे डू नॉट अलाउ अस टू स्मोक’.

आधुनिक विवेचन व प्रचलित स्थिती : ‘इंग’ रूपाचे जेरंड व धातुसाधित विशेषण असे दोन भाग पाडणे अनेक वाक्यांत अवघड जाते, ह्या कारणास्तव अलीकडील व्याकरणग्रंथ हा भेद सोडून देतात. रॉडनी हडल्स्टन व जेफ्री पुलम यांच्या संपादनाखाली २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिज व्याकरणात दोहोंस मिळून एकच संयुक्त संज्ञा योजली आहे. अध्यापनात मात्र जेरंड ही संज्ञा टिकून आहे.

दोन रूपांमधील सीमारेषा स्थिर नाही. ‘अकस्टम्ड टू’ ह्या प्रयोगानंतर पूर्वी हेत्वर्थक रूप सर्रास येत असे. आता तेथे जेरंड रूढ झाला आहे. गुंटर रोडेनबुर्ग ह्या जर्मन अभ्यासकाने इंग्रजीतील पूरक रचनांच्या अशा व्यापक स्थित्यंतरास ‘ग्रेट कॉम्प्लिमेंट शिफ्ट’ असे नाव दिले आहे. त्यामुळे जुन्या ग्रंथांत आढळणारा प्रत्येक भिन्न प्रयोग चूक ठरत नाही, तसाच तो आजच्या लेखनास आधार म्हणूनही घेता येत नाही. क्रियापदाचा अर्थ पाहतानाच त्यापुढे कोणते रूप येते हे शब्दकोशात पाहून ठेवणे, हाच अभ्यासकाच्या दृष्टीने खात्रीचा मार्ग होय.