दुखत नाही, म्हणून निरोगी?

धान्याच्या व्यापारात पोते वरून पाहून कोणी भाव ठरवीत नाही. सळई खुपसून आतली वानगी काढावी लागते. कारण कीड पुष्कळ दिवस दाण्याच्या आतच वाढते आणि बाहेर भोक दिसते तेव्हा दाणा पोकळ झालेला असतो. मनुष्याच्या जठराचीही हीच गोष्ट आहे. सभासद बंधुभगिनींनी ती जाणून घ्यावी, या हेतूने आम्ही हा विषय येथे मांडीत आहोत.

जठरातील तीव्र आम्लात जंतू जगत नाहीत आणि तेथील व्रण चिंतेने व तिखटाने होतो, अशी पूर्वी डॉक्टरांचीही समजूत होती. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे १९७९ साली रॉबिन वॉरेन यांना जठराच्या अस्तरात वळणदार जंतू आढळले. बॅरी मार्शल त्यांस येऊन मिळाले आणि १९८२ साली तो जंतू प्रयोगशाळेत वाढविण्यात यश आले. तरी पुष्कळांचा विश्वास बसेना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः प्राशन केला, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठरास सूज आली. २००५ साली उभयतांस नोबेल पारितोषिक मिळाले. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे या जंतूचे नाव. अमोनिया निर्माण करून तो स्वतःभोवतीचे आम्ल निष्प्रभ करतो. बहुधा बालपणीच घरातील माणसांकडून किंवा दूषित पाण्यातून तो पोटात शिरतो आणि उपचार न झाल्यास बहुधा जन्मभर राहतो.

लागण झालेल्यांपैकी बहुसंख्यांस कसलीही तक्रार नसते. तथापि सूज बहुतेक सर्वांच्या जठरात असते. शंभरांपैकी सुमारे दहा ते वीस जणांस पुढे व्रण होतो, तर एक ते तिघांस कर्करोग. जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने १९९४ सालीच या जंतूची गणना निश्चित कर्करोगजनकांत केली. लक्षणे नसली तरी ही लागण म्हणजे रोगच होय, असा निर्वाळा २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या क्योटो येथील तज्ज्ञांच्या अहवालाने दिला. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून प्रौढ रहिवाशांची सरसकट तपासणी व उपचार झाले. तेथे जठराच्या कर्करोगाचे प्रमाण पूर्वीच्या मानाने निम्म्याहून अधिक घटले.

मग सर्वांनीच औषधे घ्यावीत काय? आमच्या मते, नाही. भारतात लागण विपुल असूनही मिझोरामसारखे प्रदेश वगळता हा कर्करोग तुलनेने कमी आहे. शिवाय प्रतिजैविकांचा वाटेल तसा वापर झाल्यामुळे ती या जंतूवर पूर्वीइतकी चालेनाशी झाली आहेत. परंतु ज्यांच्या आईवडिलांस वा भावंडांस जठराचा कर्करोग झाला, ज्यांस पूर्वी व्रण होता, किंवा ज्यांचे रक्त कारण न सापडता कमी होते, त्यांनी तक्रार नसली तरी डॉक्टरांस विचारून तपासणी करावी. श्वासाची किंवा शौचाची चाचणी त्यास पुरते; दुर्बीण प्रत्येकास लागत नाही.

आपल्या वर्गात दोन समजुती रूढ आहेत. शाकाहारी व निर्व्यसनी मनुष्यास ही बाधा होत नाही, ही पहिली. परंतु जंतू ताटातील पदार्थ पाहून येत नाही. पाणी उकळून पिण्याची आपली चाल मात्र येथे खरोखर उपकारक आहे. दुसरी समजूत गल्ल्यात ठेवलेल्या आम्लाच्या गोळ्यांची. जेवणाची वेळ टळली की गोळी घ्यावयाची! तिने जळजळ शमते, जंतू मरत नाही. उलट आम्ल रोखणाऱ्या काही गोळ्यांमुळे चाचणीत जंतू लपतो, म्हणून चाचणीपूर्वी त्या दोन आठवडे बंद ठेवाव्या लागतात. तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

उपचार बहुधा चौदा दिवसांचा असतो. बरे वाटते म्हणून तो मध्येच सोडू नये, आणि संपल्यावर निदान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जंतू गेल्याची खात्री करावी. काळे शौच, रक्ताची उलटी किंवा अकारण घटणारे वजन दिसताच तर एक दिवसही दवडू नये. दुकान एक दिवस बंद राहिले तर घर चालते. कर्ता पुरुष किंवा गृहिणी अंथरुणास खिळली तर दोन्ही अडतात.