बोलेल तेव्हा बोलेल, तोवर काय?

“बोलेल आपोआप. याचा बाबाही चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता.” मूल दोन वर्षांचं झालं तरी शब्द फुटले नाहीत की घरात कोणीतरी हे म्हणतंच. मग वेखंड उगाळून चाटवलं जातं. काही मुलं उशिरा बोलतात आणि बरोबरीला येतात, हे खरं. पण ती कोणती, हे नुसतं बघून डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणून आधी कान तपासायचे. “टाळी वाजवली की वळतो की!” ही काही श्रवणचाचणी नव्हे. टाळी ऐकणाऱ्या मुलाला ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज ऐकूच येत नसतील. खरी चाचणी तान्ह्या बाळाचीही होते: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं तज्ज्ञांचं वेळापत्रक आहे.

बोलत नाही म्हणजे डोकं चालत नाही, हा समज फार जुना. तोंडी प्रश्नोत्तरांच्या बुद्धिचाचणीत असं मूल मागे पडणारच. आकृत्यांतला क्रम ओळखायला लावणारी, शब्दांविना चालणारी रेव्हनची चाचणी १९३० च्या दशकापासून आहे, तरी शाळेत जोखलं जातं ते तोंडी उत्तरांवरच. सेरेब्रल पाल्सीमुळे अस्पष्ट बोलणाऱ्या मुंबईच्या मालिनी चिब यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका करंगळीने टाइप करत आत्मचरित्र लिहिलं.

मात्र याचा अर्थ ‘बुद्धी आहे ना, मग भाषेची घाई कशाला’ असा कोणी काढला, तर तो त्याहून घातक. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळी, चुकीचीही समजूत असू शकते, हे मुलांना साधारण चार-पाच वर्षांची झाल्यावर उमगतं. ताई बाहेर गेली आणि कोणी तिचा चेंडू टोपलीतून काढून डब्यात ठेवला, तर परत आल्यावर ती कुठे शोधेल? ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या कर्णबधिर मुलांना याचं उत्तर बरंच उशिरा जमतं, असं १९९० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत दिसलं. पण आईवडीलही कर्णबधिर असतील आणि घरात जन्मापासून खुणांची भाषा असेल, तर ती मुलं इतरांच्या बरोबरीने उत्तर देतात. कान दोन्हीकडे सारखेच. फरक एवढाच, की दुसऱ्या घरात मुलाशी ‘ती का रुसली’, ‘त्याला वाटलं असेल’ अशा गप्पा होत होत्या.

आता सगळ्यात हट्टी गैरसमज: चित्रं दाखवून किंवा खुणा करून मागायला शिकवलं, तर मूल आळशी होईल आणि बोलणारच नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सर्वांत भक्कम पुरावा असलेली २७ उदाहरणं तपासली. बोलणं कमी झालं असं त्यांत एकही नव्हतं; ८९ टक्क्यांत ते वाढलं, बाकीच्यांत होतं तसंच राहिलं. वाढ बहुतेकदा थोडीच होती, हेही सांगायला हवं. वहीत चिकटवलेले फोटो चालतात. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’, चेन्नईचं ‘आवाज’ अशी ॲपही आहेत. माझी तक्रार वेगळीच आहे. बहुतेक तक्त्यांवर पाणी, बिस्किट, शू एवढंच असतं. तेवढ्यावर मूल मागू शकतं, पण विचारू कसं शकेल? ‘का’, ‘काल’, ‘माझं’, ‘नको’, ‘घाबरलो’ यांचीही चित्रं हवीत. आणि ती मोठ्यांनी आपल्या बोलण्यात वापरायची, मुलाची परीक्षा घ्यायला नव्हे.

“गोंधळेल, घरात फक्त इंग्रजीच बोला,” हा सल्ला अजूनही मिळतो. डाउन सिंड्रोम किंवा स्वमग्नता असलेल्या मुलांच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे नुकसान झालेलं दिसलेलं नाही. उलट आजीशी तुटकं इंग्रजी बोलायची वेळ आली, तर गोष्टीच थांबतात. मोबाइलवरच्या बडबडगीतांबद्दल इतकंच, की ती उत्तराची वाट बघत नाहीत.

तपासणीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. इतरत्र अंगणवाडी आणि शाळांत ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चं पथक येतं, तेव्हा “हा बोलत नाही” हे त्यांना स्वतःहून सांगा. पुढच्या तपासणीसाठी ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. आणि तारीख मिळेपर्यंत आंघोळ घालताना, भाजी निवडताना त्याच्याशी बोलत राहा, खुणा करत राहा, आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर स्वतःच देऊन टाकू नका.